खाजणातले पाणी आणि पंचांगातली तिथी

श्रीपूर येथील एका भाविकाने आमच्याकडे एक प्रश्न धाडला आहे. त्यांचे काही आप्त कामधंद्यानिमित्त वसई परिसरात स्थायिक झाले असून दर पावसाळ्यात त्यांच्या घरात गुडघाभर पाणी शिरते. प्रश्नकर्ते लिहितात, 'समुद्र जर एवढा जवळ आहे, तर पावसाचे पाणी सरळ त्यात का जात नाही? आमच्याकडे पूर आला तर तो वरून येतो आणि खाली निघून जातो. तिकडे मात्र पाणी जागच्या जागी उभे राहते आणि कधी कधी पाऊस थांबल्यावरही चढते. हे कसे?' प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरासाठी भरती-ओहोटी, चंद्र, चिखल आणि मीठ या चारही गोष्टींचा विचार करावा लागतो. घाटावरच्या आमच्या अनेक वाचकांनी खाडी जवळून पाहिलेली नसते आणि किनाऱ्यावरच्या वाचकांना ती इतकी परिचयाची असते की तिचा विचार करण्याचे कारण पडत नाही. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवर, नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यात आहे. तेथील पाण्याची पातळी वरच्या बाजूला ठरते. धरणातून किती पाणी सोडले, कालव्याचे आवर्तन केव्हा आले, वरच्या खोऱ्यात पाऊस किती झाला, हे कळले की खाली काय होणार ते कळते. शेतकरी नेहमी वरच्या अंगाला पाहतो. खाडीकाठी नेमके उलटे असते. तेथे पाण्याची पातळी खालच्या बाजूला, म्हणजे समुद्राकडे ठरते, आणि ती दर काही तासांनी बदलते. वरून येणाऱ्या पाण्याला खालून परवानगी मिळावी लागते, असे म्हटले तरी चालेल. (श्रीपूरचे पाणीही शेवटी अशाच ठिकाणी पोहोचते. नीरेचे पाणी भीमेला, भीमेचे कृष्णेला आणि कृष्णेचे बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे, आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखाशी तिवरांची वने आणि खाऱ्या दलदली आहेत.)

समुद्र आणि कोरडी जमीन यांच्यामधल्या, भरतीचे पाणी आतबाहेर करणाऱ्या सपाट चिखलट भूमीला आपल्याकडे खाजण म्हणतात. वसईच्या दक्षिणेला उल्हास नदी जेथे समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी आणि या दोहोंच्या मध्ये सोपाऱ्याच्या खाडीचे फाटे. एके काळी वसईचा भूभाग या खाड्यांमुळे मुख्य भूमीपासून वेगळा पडलेला होता. नायगाव, उमेळे, राजावली या बाजूची खाजणे आणि मिठागरे ही त्याच जलव्यवस्थेचा अवशेष होत. खाडीच्या काठाला चिपी आणि कांदळ, त्यामागे तिवर, मध्येच काटेरी पानांची मारांडी, आणि आणखी आत, जेथे पाणी क्वचितच पोहोचते तेथे जमिनीलगत पसरणाऱ्या, जाड रसाळ पानांच्या खाऱ्या वनस्पती. त्याही पलीकडे उन्हाळ्यात पांढरी पडणारी उघडी जमीन. सरकारी कागदांत अशा जमिनीला पडीक म्हणण्याची प्रथा जुनी आहे. पण कोणती वनस्पती कोठे उगवावी हे तेथे पाण्याने ठरवून दिलेले असते, आणि तो नियम समजला की खाजण वाचता येते.

आता भरतीकडे वळू. चंद्राचे आणि काही अंशी सूर्याचे आकर्षण समुद्राचे पाणी उचलते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याचे आकर्षण एकाच रेषेत येऊन पाणी अधिक चढते व अधिक उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास आणि तिच्यानंतर एक-दोन दिवस ही ओढ विभागली जाते, पाणी ना फार चढते ना फार उतरते. त्याला कोळी बांधव भांग म्हणतात.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ पाहायला छापील कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि खाडीत जितके आत जावे तितका विलंब वाढतो. तरीही हा हिशेब मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर चांगला लागू पडतो. ख्रिस्ती वाचकांना येथे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ईस्टरचा रविवार हा वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेला धरून ठरतो. त्यामुळे पवित्र सप्ताह नेहमीच पौर्णिमेच्या आगेमागे येतो आणि खाडीकाठच्या गावांत पुण्य शुक्रवारच्या सुमारास बहुधा उधाण असते. संपाताच्या जवळपासची उधाणे मोठी असतात, हेही त्यात आलेच.

आकड्यांत सांगायचे तर मुंबईच्या अपोलो बंदराचे माप घेऊ. तेथे १८७८ पासून समुद्राची पातळी मोजली जात आहे. हिंदी महासागरातील अत्यंत जुन्या नोंदींपैकी ती एक आहे. नाविक नकाशाच्या शून्यापासून मोजले असता तेथे समुद्राची सरासरी पातळी सुमारे २.५ मीटर आहे. उधाणाच्या दिवशी पाणी सरासरीने ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला ०.८ मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या दिवशी मात्र ते ३.३ मीटरपर्यंतच चढते आणि १.९ मीटरपर्यंतच उतरते. म्हणजे उधाणाला पाण्याची चढ-उतार साडेतीन मीटरांहून अधिक, तर भांगाला दीड मीटरांच्या आत. भरतीच्या सहा तासांत पाणी एकाच गतीने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते रेंगाळते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे चढून जाते. उधाणाला या दोन तासांतच सुमारे पावणेदोन मीटर पाणी वाढते. खाडीच्या चिखलात खेकडे-शिंपल्या वेचायला गेलेली माणसे अडकतात ती याच वेळी.

हे आकडे खाजणाच्या जमिनीवर मांडून पाहू. जी जमीन त्या शून्यापासून तीन मीटर उंचीवर आहे तिच्यावर भांगाची भरतीही पोहोचते, म्हणजे ती रोज दोनदा भिजते. जी चार मीटरवर आहे ती पंधरवड्यातून काही दिवसच, उधाणाच्या आगेमागे, पाण्याखाली जाते, उरलेले दिवस उघडी असते. आणि जी ४.६ मीटरवर आहे तिच्यावर सर्वसाधारण उधाणाचेही पाणी येत नाही. वर्षातली मोजकी मोठी उधाणेच तिला भिजवतात. या तीन जमिनींच्या उंचीत माणसाच्या उंचीएवढेही अंतर नाही. परंतु खाजण इतके सपाट असते की तेवढ्या चढासाठी कधी कधी मैलभर चालावे लागते. हजार मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर भरती वीतभरापेक्षाही कमी, म्हणजे दहा सेंटिमीटर वाढली की पाणी शंभर मीटर आत सरकते.

यात ऋतूंचाही एक खेळ आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर ज्येष्ठ-आषाढात उधाणाची मोठी भरती दिवसा, दुपारच्या सुमारास येते. मार्गशीर्ष-पौषात ती रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास येते आणि दिवसाची भरती तुलनेने लहान असते. पावसाळ्यातील साडेचार मीटरांहून मोठ्या भरत्यांची यादी मुंबई महानगरपालिका दरवर्षी प्रसिद्ध करते, ती वाचकांनी वर्तमानपत्रांत पाहिली असेल. हिवाळ्यातही मोठी उधाणे येतात, पण लोक झोपेत असताना येऊन जातात. त्यात हवामानाची भर पडते. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर वर येतो आणि नैर्ऋत्येचे जोरदार वारे पाणी खाडीत लोटतात. कोष्टकात छापलेली भरती आणि प्रत्यक्ष चढलेली भरती यांत त्यामुळे फरक पडतो.

मात्र समुद्राची पातळी म्हणजे खाजणातल्या पाण्याची पातळी नव्हे. भरतीचे पाणी खाजणावर लाटेसारखे चाल करून येत नाही. ते प्रथम मुख्य खाडीतून, मग तिच्या फाट्यांतून, मग हात-दोन हात रुंदीच्या वळणावळणाच्या ओहळांतून आत शिरते, जसे रक्त मोठ्या नसेतून लहान नसांत जाते. ओहळ काठोकाठ भरल्यावर पाणी बाहेर सांडते आणि पसरते. सांडताना त्याचा वेग एकदम मंदावतो आणि त्यातला गाळ काठावरच खाली बसतो. म्हणून ओहळांचे काठ थोडे उंच आणि त्यांच्यामागची जमीन किंचित सखल असते. ओहोटी लागली की काठांपलीकडचे पाणी त्या सखल भागात अडकून राहते, हळूहळू झिरपते किंवा उन्हात आटते. उथळ खाड्यांत भरती झपाट्याने चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते, कारण उतरत्या पाण्याला चिखलाचे, झाडांच्या मुळांचे आणि अरुंद ओहळांचे घर्षण अधिक सोसावे लागते. बाहेर समुद्र दोन मीटर उतरलेला असतो आणि आत खाजणात घोटाभर पाणी अजून उभे असते.

जमिनीच्या पोटातही असेच चालते. खाडीच्या काठावरचा चिखल ओहोटीला थोडा निथळतो. पण काही पावले आत गेले की चिखल इतका बारीक आणि चिकट असतो की सहा तासांत त्यातून पाणी फारसे बाहेर पडतच नाही. पुढची भरती येईपर्यंत तो भिजलेलाच राहतो आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून तिवराने आपली श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर काढलेली असतात. त्यांची उंची भरतीशी जुळलेली असते. भराव, बांध किंवा राडारोडा यांमुळे पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिले आणि ती मुळे सतत बुडाली, तर झाड गुदमरते. बांध घालून भरतीच बंद केली, तरी तिवरांचे वन सुकते. झाडावर कुऱ्हाड न चालवताही ते मारता येते, हे किनाऱ्यावर अनेकांना उत्तम कळलेले आहे!

मिठाची कथा श्रीपूरच्या शेतकऱ्यांना अनोळखी वाटणार नाही. कालव्याचे पाणी उसाला सतत दिले, निचरा झाला नाही, की जमिनीखालचे पाणी वर येते, उन्हाने उडून जाते आणि क्षार वर ठेवून जाते. नीरा कालव्यांच्या लाभक्षेत्रात खारवट आणि चोपण जमिनींचा हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. खाजणातही सूर्य तेच काम करतो, फक्त क्षार समुद्रातून येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. आता कोणालाही वाटेल की समुद्राला जवळची, रोज भिजणारी जमीन सर्वांत खारट असेल. तसे नसते. रोजची भरती जितके मीठ आणते तितके धुऊनही नेते, म्हणून खालची जमीन समुद्राइतकीच खारट राहते. उधाणाचेच पाणी पोहोचते ती वरची जमीन मात्र दोन उधाणांच्या मध्ये आठ-दहा दिवस उन्हात तापते, पाणी उडते, मीठ साठते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो. पावसाळ्यात तो विरघळून जातो. मिठागरात हेच शहाणपणाने केलेले असते. उधाणाचे पाणी दारातून आत घ्यायचे, अडवायचे, एका कुंडातून दुसऱ्यात सोडत दाट करायचे आणि शेवटी मीठ ओढायचे. पंचांग चुकले तर मिठागराला पाणी मिळत नाही.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४७व्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेला प्रवाह मृत समुद्राला गोडे करतो, त्यात मासळी विपुल होते, काठावर कोळ्यांची जाळी वाळत पडतात, असा दृष्टांत आहे. प्रवचनांत आपण तो पुष्कळदा ऐकतो. पण त्याच्या ११व्या ओवीकडे सहसा कोणी थांबत नाही. त्या सर्व नवजीवनातही दलदली आणि पाणथळी गोड्या होणार नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातील, असे तेथे सांगितले आहे. मंदिरातील धान्यार्पणाला मीठ लागे हे लेवीय ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायावरून दिसते. आम्हांला ही ओवी फार व्यवहारी वाटते. सर्व काही गोड करून टाकण्याच्या उत्साहातही खाऱ्या जागेची गरज त्या संदेष्ट्याने ओळखली होती.

कोकणातल्या शेतकऱ्यानेही ती आपल्या परीने ओळखली. खाजणाचा वरचा भाग त्याने मातीच्या बांधाने वेगळा केला, पावसाच्या पाण्याने त्यातले मीठ धुऊन घेतले आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात लावले. बांधाला त्याने दारे ठेवली. आपल्याकडे त्यांना उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. उघाडीची झडप समुद्राच्या बाजूला टांगलेली असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब ती झडप घट्ट लावून घेतो आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. माणसाने हात लावावा लागत नाही. या बांधांची देखभाल गाव मिळून करीत असे. १९४८चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा यांनी शासनानेही ती जबाबदारी अंगावर घेतली. बांधाला एक खांड पडली तर सगळ्यांचेच शेत खारे होते, म्हणून शेजाऱ्याच्या बांधाकडेही लक्ष ठेवावे लागे.

प्रश्नकर्त्यांच्या शंकेचे उत्तर याच झडपेत आहे. गावाचे पावसाळी पाणी समुद्रात जायचे असेल तर बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असली पाहिजे. समजा, आतल्या पाण्याची पातळी आमच्या मघाच्या मापाने ३.३ मीटर आहे. भांगाच्या दिवशी बाहेरचे पाणी जेमतेम तेथवर येते, त्यामुळे दार बहुतेक वेळ उघडेच राहते. उधाणाच्या दिवशी मात्र प्रत्येक भरतीला सुमारे साडेचार तास बाहेरची पातळी वर असते आणि दार बंद असते. नाला असो, गटार असो, सिमेंटचा मोठा नळ असो, नियम तोच. तेवढ्या साडेचार तासांत जो पाऊस पडेल त्याला आतच कोठेतरी थांबावे लागते. पाऊस थांबल्यावरही पाणी चढते याचे कारण हेच. वरच्या भागातले पाणी येतच असते आणि खालचे दार लागलेले असते.

थांबावे कोठे? खाजणात. थोडे गणित करून पाहू. शंभर हेक्टरचे एक गाव आणि त्याच्यासमोर शंभर हेक्टर खाजण आहे, असे धरू. तासाला ५० मिलिमीटर असा मुसळधार पाऊस दार बंद असलेले साडेचार तास कोसळला. सगळ्या दोनशे हेक्टरांवर पडलेले पाणी होते साडेचार लाख घनमीटर, म्हणजे ४५ कोटी लिटर. ते सगळे त्या खाजणात उतरले तर तेथे ४५ सेंटिमीटर, गुडघ्याच्या आत, पाणी उभे राहील आणि ओहोटीला निघून जाईल. आता अर्ध्या खाजणावर भराव घालून चाळी आणि गाळे उभे राहिले, असे समजू. पाणी तेवढेच आहे, जागा निम्मी. उरलेल्या खाजणात ते ९० सेंटिमीटर चढू पाहील, आणि तितके चढण्यापूर्वीच भरावाच्या कडेने, गटारातून उलटे, जुन्या गावाच्या सखल घरांत शिरेल. ज्याने भराव घातला त्याची जागा उंच असते. ती बहुधा कोरडी राहते.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी पावणेचार-चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. (गुरुपौर्णिमा २१ तारखेला झाली होती. त्यानंतरचा तो पाचवा दिवस, आणि पाचाची पाऊणपट पावणेचार.) मिठी नदीला समुद्राने दार लावले होते आणि तिच्या मुखाशी असलेली पाणथळ जागा तोवर पुष्कळ आक्रसली होती. वसई-विरारमध्ये जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात असेच घडले. १३ जुलैची अमावास्या जवळ येत होती, पाऊस थांबत नव्हता. १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी आल्याने रेल्वे बंद पडली, मिठागरांतली वस्ती पाण्याने वेढली गेली आणि कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्यानंतर महापालिकेने निरी आणि आयआयटी मुंबई येथील तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. तज्ज्ञांचा अभ्यास आवश्यकच होता. पण पाण्याच्या वाटा आणि पाण्याच्या जागा बुजवल्या तर काय होईल, हे हरित वसई संरक्षण समिती आणि तिचे अग्रणी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सांगत आले होते, एवढे येथे नोंदवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

भरावाचा आणखी एक परिणाम असतो आणि तो उशिरा दिसतो. खाडी खोल राहते ती तिच्यातून रोज आतबाहेर करणाऱ्या पाण्याच्या जोरावर. खाजण विस्तीर्ण असेल तर प्रत्येक ओहोटीला पुष्कळ पाणी वेगाने परत फिरते आणि तळाचा गाळ खरवडून नेते. खाजण बुजवले की आत यायला पाण्याला जागाच उरत नाही. कमी पाणी येते, कमी जाते, वेग मंदावतो, गाळ बसतो. काही वर्षांत होडी टेकू लागते, नाल्याचे मुख वर येते आणि ज्या ओहोटीला गावाचे पाणी निघून जात असे त्या ओहोटीलाही ते निघेनासे होते. मग यंत्राने गाळ काढावा लागतो, तो पुन्हा भरतो, पुन्हा काढावा लागतो. पूर्वी हे काम भरती-ओहोटी दिवसातून दोनदा फुकट करीत असे.

समुद्रही आता स्थिर नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडे हा वेग वर्षाला साडेतीन मिलिमीटरांहून अधिक झाला आहे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाचा अहवाल सांगतो. जिवंत खाजणाला याला तोंड देता येते. जितके अधिक पाणी येते तितका अधिक गाळ त्याच्यावर बसतो आणि ते स्वतःच हळूहळू उंच होते, किंवा त्यातली झाडे मागच्या जमिनीकडे सरकतात. मागे भिंत किंवा रस्ता असेल तर ती सरकू शकत नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात किनाऱ्यावरच्या खारफुटीच्या नाशाचा चिंतेने उल्लेख केला आहे, तो त्याच्या ३९व्या परिच्छेदात वाचायला मिळेल.

कायद्याने ही गोष्ट मान्य केलेली आहे. किनारी क्षेत्राच्या नियमांत भरतीची रेषा ठरते ती उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर पोहोचते त्यावरून, भांगाच्या नव्हे. खारफुटी आणि खारी दलदल यांना त्या नियमांत सर्वांत कडक संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. खारफुटीभोवती ५० मीटरांचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो.

श्रीपूरच्या आमच्या वाचकांच्या आप्तांसारखी अनेक कुटुंबे घाटावरून येऊन वसई-विरारच्या बाजूला स्वस्तातली खोली शोधतात, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. जागा दाखवणारा माणूस बहुधा दिवाळीनंतर, नाताळच्या सुटीत, भर दुपारी जागा दाखवतो. त्या दिवसांत मोठी भरती मध्यरात्री येऊन गेलेली असते, आणि तिथी अष्टमी-नवमी असेल तर ती तेवढीही आलेली नसते. जमीन कोरडी, भेगाळलेली, वर थोडा पांढुरका थर. समोर तिवरांची रांग दिसत असेल आणि पायाखाली शिंपल्यांचा चुरा, मुरूम वा राडारोडा असेल, तर व्यवहार पुढे न नेता परत यावे. आषाढात, अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी, तिथीची पाऊणपट करून त्या वेळेला तेथे जावे आणि शेजारच्या घरांच्या भिंतींवर पाण्याची खूण किती उंचीवर आहे ते पाहावे. किनारी क्षेत्राच्या मंजूर नकाशात भरतीची रेषा कोठून जाते ते पंचायतीत किंवा महापालिकेत विचारता येते. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी त्या जागेचा सर्व्हे क्रमांक त्या नकाशावर शोधावा.